बाबासाहेब शिकत होते, तेव्हा घर कोण चालवत होतं? रमाईंच्या संसाराची गोष्ट

परंडा | विशेष लेख

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. कोयता ऊसतोडीला जातो. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. काही घरांत पुरुष पुण्याला कंपनीत असतो आणि बाई गावातच राहते. सासू-सासरे, लेकरं, एखादी शेळी, किराणा दुकानाची उधारी, दवाखाना, शाळेची फी, सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर. नवरा काय करतो असं कुणी विचारलं तर पटकन सांगता येतं. बायको काय करते असं विचारलं की उत्तर ठरलेलं, काही नाही, घरीच असते.

या घरीच असणाऱ्या बाईचं काम केवढं असतं, हे समजून घ्यायचं असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या एका चाळीत डोकावून बघावं लागेल. त्या घरातला पुरुष पुढे देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. त्याच्या पदव्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण तो परदेशात शिकत होता तेव्हा इकडे चूल कशावर पेटत होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. ती चूल पेटवणारी बाई म्हणजे रमाबाई भीमराव आंबेडकर. आपण त्यांना रमाई म्हणतो. 27 मे हा त्यांचा स्मृतिदिन.

वणंद गावची पोरकी पोर

रमाईंचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 चा. गाव वणंद, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळ. वडील भिकू धुत्रे. दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचं काम ते करत. आईचं नाव रुक्मिणी. हातावर पोट असलेलं घर. आई लवकर गेली. काही दिवसांनी वडीलही गेले. मागे राहिली ती लहान भावंडं. त्यांना नातेवाईक मुंबईला घेऊन आले. म्हणजे ज्या वयात लेकराचे लाड व्हायचे, त्या वयात या पोरीला दुसऱ्याच्या घरात राहून काम करायची सवय लागली.

1906 च्या सुमारास सुभेदार रामजी सकपाळ यांच्या धाकट्या मुलाशी, भीमरावाशी तिचं लग्न झालं. नवरी साधारण नऊ वर्षांची, नवरा चौदा-पंधरा वर्षांचा. लग्न लागलं कुठं? तर भायखळ्याच्या बाजारात. दिवसभराचा बाजार उठला, मासळीवाल्या घरी गेल्या आणि मग रात्री त्या रिकाम्या शेडमध्ये मांडव न घालता लग्न लागलं. बसायला बाजारातले दगडी ओटे. पायाखाली गटाराचं पाणी. सकाळी बाजार भरायच्या आत सगळं आवरून जागा मोकळी करून द्यायची होती.

सासरी आल्यावर घरात आत्या मीराबाई, सासरे, दीर, जावा अशी माणसं होती. खाणारी तोंडं जास्त आणि कमाई तुटपुंजी. भीमराव मॅट्रिक झाले, मग एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. सुभेदारांनी पोराच्या शिक्षणासाठी काही कमी पडू दिलं नाही. पण घरातला एक माणूस पुस्तकात डोकं घालून बसणार असेल तर त्याच्या वाटचं पाणी, सरपण, दळण, धुणं दुसऱ्या कुणाला तरी करावंच लागतं. ते कुणी केलं, हे सांगायला नको.

सासरे गेले, नवरा अमेरिकेला

12 डिसेंबर 1912 ला रमाईंना पहिला मुलगा झाला, यशवंत. लेकरू दोन महिन्यांचंही नव्हतं तोवर 2 फेब्रुवारी 1913 ला सुभेदार रामजी वारले. घराचा कर्ता माणूस गेला. त्यांच्याबरोबर त्यांची पेन्शनही गेली. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळून भीमराव अमेरिकेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंडांची. त्यातच तिथलं राहणं, खाणं, पुस्तकं. त्यातूनही पोटाला चिमटा घेऊन ते काही पैसे घरी पाठवत. इकडे रमाई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या. आज आपल्या घरात या वयाची पोरगी दहावीची परीक्षा देते. रमाईंच्या कडेवर लेकरू होतं आणि घराचा अर्धा भार खांद्यावर. थोरले दीर आनंदराव होते, पण त्यांच्यामागेही त्यांचा संसार होता.

1917 साली भीमराव परत यायला निघाले तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. समुद्रात जहाजं बुडवली जात होती. एक जहाज पाणतीराने बुडाल्याची बातमी मुंबईला आली आणि घरात रडारड सुरू झाली. नंतर कळलं की बुडालं ते दुसरंच जहाज. त्यावर भीमरावांचं सामान होतं, ते स्वतः नव्हते. मोबाईल नाही, फोन नाही. खरं काय ते कळेपर्यंतचा वेळ त्या घरातल्या बायकांनी कसा काढला असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

पन्नास आणि एक्कावन्न नंबरची खोली

परळला बी.आय.टी. चाळीत हे कुटुंब राहायचं. पहिल्या नंबरची चाळ, दुसरा मजला, खोली नंबर 50 आणि 51. गिरणी कामगारांची ही वस्ती. एका खोलीत सगळा संसार आणि समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा अभ्यास, पुस्तकं आणि भेटायला येणारी माणसं. इथं ते 1912 पासून वीस वर्षांपेक्षा जास्त काळ राहिले.

1917 ला परत आल्यावर बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर गेले. पण जातीमुळे तिथं राहायला जागा मिळाली नाही. अपमान सोसून ते मुंबईला परतले. पुन्हा घरात नियमित पगार नाही. नोव्हेंबर 1918 ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार 450 रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी होती. चाळीतल्या लोकांना वाटलं असेल, आता या घराचे दिवस पालटले.

पण तसं झालं नाही. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायचं बाबासाहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून पगारातली ठरावीक रक्कम तेवढी रमाईंच्या हातात यायची आणि बाकीचे पैसे लंडनसाठी बाजूला पडायचे. पगार प्राध्यापकाचा, पण घर चालवायचं काटकसरीवर. नवरा कमवत असताना, पैसा समोर दिसत असताना हात आखडता घ्यायचा, हे टंचाईत दिवस काढण्यापेक्षाही अवघड. रमाईंनी ते केलं. लंडनच्या शिक्षणाला कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले उसने पाच हजार रुपये होते. त्या यादीत रमाईंनी संसारातून वाचवलेला पैसाही धरला पाहिजे. तो कुणी मांडत नाही.

तिकडे अर्धपोटी अभ्यास, इकडे रिकामा डबा

जुलै 1920 ला बाबासाहेब लंडनला गेले. सकाळपासून ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाकडून मिळालेले पापड भाजून खायचे आणि परत वाचायला बसायचे. त्यांची ही तपश्चर्या आपण भाषणांतून ऐकतो.

त्याच वेळी परळच्या चाळीत काय चाललं होतं? पुढे आनंदराव अकाली गेले. जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांनाही याच संसाराचा आधार राहिला. पैसे संपले की रमाईंनी लंडनला कळवायचं, पण तिथंच खायची मारामार. एका पत्रात बाबासाहेबांनी त्यांना कळवलं की पाठवायला माझ्याजवळ काही नाही, अंगावरचे दागिने मोडून घर चालव, मी आलो की पुन्हा करून देईन. दागिने म्हणजे असून असून किती असणार? मोडायला काढलेल्या डागाचं दुःख आपल्याकडच्या बायकांना सांगायची गरज नाही. पेरणीच्या टायमाला सोनाराची पायरी चढलेली प्रत्येक बाई ते जाणते.

राहिला सरपणाचा प्रश्न. चाळीत चूल पेटवायला लाकूड-कोळसा विकत घ्यावा लागायचा. त्याला पैसे नसले तर उपाय एकच. शेण गोळा करायचं आणि गोवऱ्या थापायच्या. गावाकडे यात कुणाला काही वाटत नाही. पण नवरा परदेशी शिकलेला आणि बायको डोक्यावर शेणाची पाटी घेऊन चाललीय, हे मुंबईत लोकांच्या डोळ्यांवर येणारच. रमाईंनी लोक काय म्हणतील याची फिकीर केली नाही. चूल पेटली पाहिजे, एवढंच त्यांनी बघितलं.

ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. 1928 साली बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या बहिष्कृत भारत या पत्रात ती लिहिली आहे. आपण परदेशात असताना हिनेच रात्रंदिवस प्रपंच सांभाळला, आपण परत आल्यावरही हलाखीच्या दिवसांत स्वतःच्या डोक्यावर शेण वाहायला हिने मागंपुढं पाहिलं नाही आणि अशा बाईसाठी आपल्याला चोवीस तासांतला अर्धा तासही काढता येत नाही, असं त्यांनी जाहीरपणे मान्य केलं. घरातली गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, अशी तेव्हाची रीत. त्या काळात एका पुढाऱ्याने आपल्या वर्तमानपत्रात बायकोचं देणं असं लिहून ठेवलं, हे आजही वाचताना थांबायला होतं.

चार लेकरं मातीआड

रमाईंना पाच लेकरं झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यातला एकटा यशवंत जगला. बाकीची चारही लेकरं लहानपणीच गेली. त्या काळात मुंबईच्या चाळींत लहान मुलं दगावण्याचं प्रमाण भयंकर होतं. कोंदट खोल्या, सामायिक नळ, साथीचे आजार आणि औषधाला पैसे नाहीत.

गंगाधर गेला तेव्हा कफनाला कापड घ्यायलाही पैसे नव्हते आणि रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असं घरोघरी सांगितलं जातं. शेवटचा राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आले होते, वकिली करत होते. तरीही लेकरू हाती लागलं नाही. राजरत्नाच्या जाण्याने ते पार खचले आणि मित्राला पत्र लिहून त्यांनी ते दुःख कळवलं. तीन मुलगे आणि एक मुलगी आपण पुरली, हे त्यांनी त्या पत्रात लिहिलं.

बापाचं दुःख पत्रात राहिलं म्हणून ते आपल्याला कळतं. आईने कुणाला पत्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून तिने चूल पेटवली असेल, भांडी घासली असतील, यशवंताला जेवायला वाढलं असेल. पाच बाळंतपणं, चार मरणं आणि सततची अर्धपोटी ओढाताण. रमाईंची तब्येत ढासळली ती कायमची.

दोन वर्षांनी, जुलै 1928 मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी असं बिल आलं. बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. 1929 ला तो कायदा झाला. पुढे 1938 मध्ये बायकांवर लादल्या जाणाऱ्या बाळंतपणांना आळा बसावा म्हणून संततिनियमनाचा ठरावही त्यांच्या पक्षाने विधानसभेत आणला. ज्या माणसाने घरातच हे सगळं बघितलं होतं, त्याला यासाठी आकडे शोधत बसायची गरज नव्हती.

धारवाडच्या बांगड्या

रमाई फक्त सोसत राहिल्या, असं समजू नका. 1928 मध्ये मुंबईत दलित महिलांचं मंडळ स्थापन झालं तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. आणि धारवाडची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे.

बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे धारवाडला विद्यार्थ्यांचं वसतिगृह चालवायचे. हवापालटासाठी रमाई काही दिवस त्यांच्याकडे राहायला गेल्या होत्या. एक दिवस वसतिगृहाच्या अंगणात पोरांचा आवाज नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की अनुदान आलेलं नाही, कोठीतलं धान्य संपलंय आणि पोरं उपाशी आहेत. रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, गहाण ठेवा नाहीतर मोडा, पण पोरांना जेवू घाला. पोरं जेवली. ही आठवण वराळे यांनी लिहून ठेवली आहे.

ज्या बाईची स्वतःची चार लेकरं गेली होती, तिने दुसऱ्यांची लेकरं उपाशी झोपू दिली नाहीत.

पंढरपूर राहून गेलं

रमाई देवभोळ्या होत्या. उपास-तापास करायच्या. पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन घ्यावं, अशी त्यांची फार इच्छा होती. परंड्याहून कुर्डुवाडीमार्गे पंढरपूर आपल्याला एका दिवसात होऊन येतं. आषाढीला तर आपल्या गावागावांतून माणसं जातात. पण रमाईंच्या काळात अस्पृश्यांना त्या देवळात प्रवेश नव्हता. लांबून, चोखोबाच्या समाधीपाशी थांबून माघारी फिरावं लागायचं. जिथं आपल्याला दारातच अडवतात तिथं तू जाऊ नकोस, असं बाबासाहेबांनी त्यांना समजावलं. आपण आपल्या कामातून दुसरं पंढरपूर उभं करू, असं सांगून त्यांची समजूत काढली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडं झालं ते 1947 मध्ये. तेव्हा रमाई जाऊन बारा वर्षं झाली होती.

राजगृहात थोडेच दिवस

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी राजगृह बांधलं. ग्रंथांसाठी मोठी जागा असलेलं स्वतःचं घर. दोन खोल्यांतून रमाई तिथं आल्या, पण अंगात बळ उरलं नव्हतं. बरेच दिवस आजारी राहून 27 मे 1935 ला त्या राजगृहातच गेल्या. वय जेमतेम सदतीस. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. बाबासाहेब कितीतरी दिवस खोलीत एकटे बसून राहिले.

पाच वर्षांनी, 1940 मध्ये, त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिलेला थॉट्स ऑन पाकिस्तान हा ग्रंथ आला. तो त्यांनी रमूच्या आठवणीला अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा आणि कुणी मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत तिने शांतपणे सोबत सोसलेलं दुःख, याची नोंद त्यांनी पहिल्याच पानावर केली. देशाच्या राजकारणावरचा एवढा मोठा ग्रंथ, पण त्याची सुरुवात घर चालवणाऱ्या बाईच्या नावाने होते.

त्यानंतर लगेच, 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला बाबासाहेब आजच्या धाराशिव तालुक्यातल्या कसबे तडवळे गावी आले. महार-मांग वतनदार परिषदेसाठी. बैलगाड्यांतून त्यांची मिरवणूक निघाली. तेव्हा आपला परंडा निजामाच्या राज्यात होता. आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी बाबासाहेबांना डोळ्यांनी बघितलं ते तिथं. रमाई मात्र ते बघायला नव्हत्या.

हिशोबात नाव घ्या

रमाईंची पूजा करणं सोपं आहे. फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं की झालं. पण बाबासाहेबांनी पूजा केली नव्हती, त्यांनी देणं मान्य केलं होतं. पूजेने काही फिटत नाही, उलट बाईने असंच सोसत राहावं असा त्याचा अर्थ काढला जातो. रमाईंनी शेण वाहिलं ते हौसेने नाही, घरात पैसा नव्हता म्हणून. लेकरं गेली ती औषधपाण्यावाचून. तसं पुन्हा कुणावर येऊ नये, हाच त्या आयुष्याचा धडा.

आपल्या घरातही हे देणं कागदावर आणता येतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. एका कागदावर तरी घर चालवणारीचं नाव वर आलं. सातबाऱ्यावर मात्र अजून बहुतेक ठिकाणी पुरुषाचंच नाव आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला तर लक्ष्मी मुक्ती योजनेतून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं.

यंदा 27 मे रोजी रमाईंच्या फोटोला हार घालून घरी आलात की सातबारा काढून बघा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा आणि चुलीपुढे कोण बसलंय तेही बघा.